पैकी वापरण्याजोगे

माझी स्वतःची स्मरणशक्ती कधीच फार चांगली नव्हती. शाळेत एकोणिसाच्या पाढ्याशी मी अडखळत असे, बँकेत स्ट्राँगरूमची किल्ली कुठल्या खिशात ठेवली हे शोधायला रोज सगळे खिसे उलटे करावे लागत, आणि लग्नाचा वाढदिवस अजूनही हिनं चहाची कपबशी जरा जोरात आपटली की मगच आठवतो. पण एक सांगतो, या बाबतीत मी कुणाला फसवलेलं नाही. माझ्या कपाळावर कुणी 'आठ जीबी' असं छापलेलं नव्हतं. सासऱ्यांनी मला पसंत केलं तेव्हा समोर होतं ते तेवढंच होतं, आणि ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.

लॅपटॉपचं तसं नाही. लॅपटॉप सांगतो एक आणि वापरतो एक. आणि हे तो लपवत नाही, हाच माझ्या संतापाचा मुख्य विषय आहे. चोरानं चोरी करून पळून जावं, ही जगाची रीत झाली. यानं चोरी करून वर कंसात पावती द्यावी?

हा लेख मी रागाच्या भरात लिहितो आहे, हे आधीच कबूल करतो. राग २०१९ सालचा आहे. पण आम्हा पुणेकरांचा राग लोणच्यासारखा असतो, मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही.

झालं असं. २०१२ साली बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या पैशांतून मी एक लॅपटॉप घेतला. चार जीबी मेमरीचा. त्याच सुमाराला आमच्या कुलमंडळाची सभा भरली आणि तीत मला एकमतानं कुलवृत्तांताचा संपादक नेमण्यात आलं. एकमतानं म्हणजे मी त्या वेळी बटाटेवडा आणायला बाहेर गेलो होतो. 'बँकेत होता, म्हणजे आकडे तरी बरोबर येतील,' एवढीच माझी पात्रता. या शहरात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत इतिहास आहे असा संशय आहे. आमच्या ट्रंकेत तो खरोखरच निघाला. मोडीतली शेदोनशे कागदपत्रं. त्यांतली बहुतेक उसनवारीची, पण इतिहास तो इतिहास.

हे कागद स्कॅन करून लॅपटॉपमध्ये भरायला लागलो आणि लॅपटॉप दमायला लागला. एक कागद पडद्यावर उमटायला लागणाऱ्या वेळात स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या होत. दोन कागद एकदम उघडले तर वरण घट्ट व्हायचं. शेवटी हिंजवडीत नोकरी करणारा माझा पुतण्या एका रविवारी जेवायला आला असताना आमटीचा भुरका मारून म्हणाला, "काका, रॅम वाढवा. चार आहे, आठ करा. लॅपटॉप पळेल."

आता पुण्यात असल्या कामासाठी तपकीर गल्लीला पर्याय नाही. अप्पा बळवंत चौकात जसं छापलेलं काहीही मिळतं, तसं बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायर असलेलं काहीही मिळतं. नावात तपकीर आहे, पण शिंक येते ती किंमत ऐकल्यावर. तिथं एका दुकानात (नाव सांगत नाही, मला अजून त्या गल्लीतून जावं लागतं) मी चार जीबीची एक पट्टी घेतली. चिंगमच्या पाकिटाएवढा तो जिन्नस. दुकानातल्या पोरानं लॅपटॉप पालथा घातला, दोन स्क्रू काढले, पट्टी तिरकी सरकवली, टक् करून दाबली आणि "झालं काका" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. हे सगळं इतक्या लवकर झालं की मला पैसे जास्त दिल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी लॅपटॉप सुरू केला. कुकर चढवला होताच. मोडीचा कागद उघडला. तीन शिट्ट्या.

मी बँकेतला माणूस. पट्टी घेण्याआधीच मी वहीत नोंद केली होती. 'कॉम्प्युटर' या चित्रावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलं की मेमरीचा हिशेब दिसतो, हे पुतण्यानं दाखवलं होतं. तिथं आधी लिहिलेलं होतं, बसवलेली मेमरी ४.०० जीबी, आणि पुढं कंसात, अगदी हळू आवाजात, 'पैकी वापरण्याजोगी २.९४'. आता पाहिलं तर बसवलेली मेमरी ८.०० जीबी आणि कंसात, 'पैकी वापरण्याजोगी २.९४'.

वही समोर ठेवा आणि पाहा. आरंभीची शिल्लक २.९४. भरणा ४.००. अखेरची शिल्लक २.९४.

माझ्या काउंटरवर एकदा बारा रुपयांचा फरक आला होता, तर रात्री साडेनऊपर्यंत आख्खी शाखा बसली होती. शिपायानंसुद्धा चहा आणायला नकार दिला होता. आणि इथं पाच जीबी गहाळ होते, यंत्र ते स्वतःच्या तोंडानं कबूल करत होतं आणि खाली कुणाची सही नव्हती.

यानंतरचे आठ दिवस मी ज्याला त्याला हे दाखवत होतो. पुण्यात एखादी गोष्ट बिघडली की दुरुस्त करणारा मिळायला वेळ लागतो, पण निदान करणारे वाटेवर उभे असतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते पट्टी नीट बसलेली नव्हती. त्यांनी माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या आणि नातवाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागवून तिच्या पिवळ्या दातांवर घासला. हसू नका, हा उपाय खरा आहे. त्या दातांवर मळ बसला की पट्टी असून नसल्यासारखी होते, आणि देशभरातले मेकॅनिक तो खोडरबरानंच काढतात. मग त्यांनी पट्ट्यांची अदलाबदल केली, म्हणजे एखादी खाच मेली असेल तर कळावं. दोन्ही खाचा जिवंत निघाल्या. २.९४.

समोरच्या बंगल्यातले प्राध्यापक म्हणाले की यात वेगळं ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे पडद्यावरचं चित्र रंगवण्यासाठी प्रोसेसर मेमरीतलाच थोडा भाग काढून घेतो. हेही खरं. पण पाच जीबीचं चित्र? एवढ्यात तर अजिंठा होईल. पुतण्यानं फोनवरून 'एमएसकॉन्फिग' नावाच्या तळघरात उतरायला लावलं. तिथं 'बूट'च्या आत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'मॅक्सिमम मेमरी' नावाची एक चौकट असते. तिच्यावर कुणी बरोबरची खूण करून ठेवली की यंत्र तेवढ्यावरच भागवतं. यंत्राचा वेग वाढेल या भाबड्या समजुतीनं पुष्कळ लोक ही खूण स्वतःच करतात आणि विसरतात. मी माझी स्मरणशक्ती जाणून असल्यामुळे घाबरत घाबरतच बघितलं. खूण नव्हती. बायोसमध्येही, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याआधीच्या त्या निळ्या पडद्यावर, मेमरी आठच दिसत होती.

तेव्हा मी पुन्हा तपकीर गल्लीत गेलो.

"तुम्ही दिलेले चार जीबी पोचले नाहीत."

मालकानं स्वतः लॅपटॉप उघडला. "आठ दाखवतोय की काका."

"दाखवतोय आठ. वापरतोय दोन पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश."

"पण दाखवतोय ना? म्हणजे माझा माल पोचला." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आता कसंय काका, मी तांदूळ विकतो. तुमचा कुकर लहान असला तर मी काय करू?"

मला कबूल केलं पाहिजे की कुकरचा विषय त्यानं काढला नसता तर मी इतका चिडलो नसतो. मी म्हटलं, "मग तांदूळ देतानाच कुकर केवढा आहे ते विचारायचं!"

"तुम्ही कुठं सांगितलंत? तुमची विंडोज बत्तीस बिटांची आहे."

एवढं बोलून त्यानं घड्याळाकडे पाहिलं. एक वाजत आला होता. पुण्यात एक वाजता न्यायदेवता आली तरी तिला चारनंतर या म्हणतात.

बत्तीस बिट म्हणजे काय, हे मला नंतर कळलं, आणि ते कळायला फार अवघड नाही. आपल्याकडे पूर्वी फोनचे नंबर सहा आकडी होते. सहा आकड्यांत फार तर दहा लाख वेगवेगळे नंबर होतात. गावात अकरा लाखावा फोन आणून ठेवलात, तर तो दिसेल, त्यावर भरतकामाचं कव्हर घालता येईल, पण तो वाजणार नाही, कारण त्याला द्यायला नंबर उरलेला नाही. मेमरीतल्या प्रत्येक घराला असाच एक नंबर लागतो. यंत्र शून्य आणि एक एवढंच जाणतं, आणि बत्तीस बिटांच्या यंत्रणेत नंबर बत्तीस आकडी. दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ घरं. याचेच चार जीबी होतात. त्यातही वरचे नंबर पडद्यासाठी, नेटवर्कसाठी आणि अशाच मानकरी मंडळींसाठी आधीच राखून ठेवलेले. ती वजा जाता उरतात ते तीनच्या आसपास. म्हणजे माझ्या पहिल्या चारांतला एकही पूर्वीपासूनच बिनपत्त्याचा होता, आणि मी त्याच्या शेजारी आणखी चार नेऊन बसवले होते.

इथवर सगळं गणित आहे, आणि गणितावर रागावणं मी चौथीत सोडलं. पण पुढचं ऐका.

माझा प्रोसेसर बत्तीस बिटांचा नव्हताच. तो जन्मजात चौसष्ट बिटांचा होता. त्याला बत्तिसाचा अंगरखा घालून मला विकला होता. बरं, बत्तीस बिटांतही चाराच्या पुढं जाता येत नाही असं नाही. १९९५ साली आलेल्या पेंटियम प्रोपासूनच प्रोसेसरला छत्तीस आकडी पत्ता वाचण्याची युक्ती अवगत आहे, आणि तेवढ्यात चौसष्ट जीबी मावतात. विंडोज सर्व्हर २००३ च्या मोठ्या कंपन्यांसाठीच्या आवृत्त्या बत्तीस बिटांच्या असूनही चाराच्या कितीतरी पुढं जात. बत्तीस बिटांचं लिनक्सही जाई. घरगुती विंडोजला मात्र चाराच्या उंबऱ्यावर कुलूप. कारण असं देण्यात आलं की घरगुती यंत्रांत लोक नाही नाही ती उपकरणं जोडतात, आणि त्यांचे ड्रायव्हर चाराच्या वरचा पत्ता दिसला की भांबावतात. कारण खोटं नाही. पण त्याच घरात मोठ्या गिऱ्हाइकांसाठी दार उघडं आणि आमच्यासाठी ड्रायव्हरची प्रकृती नाजूक, हे ऐकून मला आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची आठवण झाली. तिथंही माडीवरच्या तीन खोल्यांना कुलूप असे, आणि जमीन कच्ची आहे, पाय जाईल, असं मालक सांगत. मालकांचे जावई आले की ते मात्र त्या कच्च्या जमिनीवर आठ आठ दिवस राहत.

आणि चौसष्ट बिट घेतले म्हणजे सुटलो, असंही नव्हे. विंडोज ७ च्या चौसष्ट बिटी होम बेसिकला आठ जीबीची मर्यादा, होम प्रीमियमला सोळाची, प्रोफेशनलला एकशे ब्याण्णवची. स्टार्टर नावाचं बाळ होतं, त्याला दोनच. यात गणित कुठं आहे? दोनाचा चौसष्टावा घात एवढा मोठा आहे की तो लिहायला माझ्या वहीत ओळ पुरत नाही. हे सोळा नि एकशे ब्याण्णव गणितातून आलेले नाहीत, ते दरपत्रकातून आलेले आहेत.

आता मूळ भांडणाकडे येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू विकताना 'पैकी वापरण्याजोगी किती' हे खोक्यावर छापा, कंसात नव्हे, कंसाबाहेर, आणि पैसे घेण्याआधी. हे काही जगावेगळं नाही. घरात येणाऱ्या गॅसच्या सिलिंडरवर त्याचं रिकामं वजन ठोकलेलं असतं आणि आत गॅस निव्वळ १४.२ किलो असतो. लोखंड धरून तीस किलो गॅस, असं कुणी म्हणत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन लिहिलंच पाहिजे, असा वैध मापनशास्त्राचा २००९ चा कायदा सांगतो. बिल्डर लोकांनी वर्षानुवर्षं जिना, गच्ची, लिफ्टची पोकळी आणि वॉचमनची खुर्ची फ्लॅटच्या क्षेत्रफळात मोजून विकली. शेवटी २०१६ साली रेरा कायदा आला आणि विकायचं ते कार्पेट एरियानं विका असं ठरलं. बिल्डर सरळ झाले असं मी म्हणत नाही, मी पुण्यात राहतो. पण निदान आकडा तरी सरळ झाला.

आणि सर्वांत उत्तम उदाहरण आमच्या खडकवासल्याचं. पावसाळ्यात रोज पेपरात येतं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारी मिळून उपयुक्त साठा इतके टीएमसी. उपयुक्त! दाराच्या खाली राहणाऱ्या पाण्याला, जे असतं पण काढता येत नाही, त्याला स्वच्छ 'मृत साठा' म्हणतात आणि हिशेबाबाहेर ठेवतात. चारी धरणं भरली की उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी होतो, आणि तेवढाच सांगतात. ज्या खात्याच्या नावानं आपण जन्मभर बोटं मोडली ते पाटबंधारे खातं इतकं सरळ वागतं, आणि अमेरिकेला ज्यांच्या काचेच्या इमारती आहेत त्यांना 'मृत साठा ५.०६ जीबी' असं लिहायला लाज वाटते! इथल्या माणसांनी तर हे मुळीच चालवून घेऊ नये. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात, देशात ग्राहक संरक्षण कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी.

पण मग मीच ग्राहक पंचायतीकडे का गेलो नाही, असं तुम्ही विचाराल. हिनं विचारलंच. खरं सांगायचं तर तो तांदूळवाला माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं. मी दुकानात गेलो तेव्हा 'चारची पट्टी केवढ्याला?' एवढंच विचारलं होतं, आणि दर ऐकून 'शेजारी पन्नासनं कमी आहे' हे माझं दुसरं वाक्य होतं. शेजारी मी गेलोच नव्हतो. आपण गिऱ्हाईक आकडा विकत घेतो. आठ म्हटलं की चारच्या दुप्पट, बस्स. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आपण असेच मोजतो आणि मग त्यानं साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो काढतो. तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही, या सोयीच्या मौनावर ती गल्ली उभी आहे. तरीही, पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणं हा माझा गुन्हा मानला तरी त्याला शिक्षा चार जीबीची?

पुतण्यानं उपाय सांगितला. चौसष्ट बिटांची विंडोज घालायची. जुनीवर नवी चढवता येत नाही, सगळं पुसून पहिल्यापासून बसवावं लागतं. एका शनिवारी त्यानं ते केलंही. संध्याकाळी पडद्यावर आलं, बसवलेली ८.००, पैकी वापरण्याजोगी ७.८८. मोडीचा कागद बोट टेकवताच उघडला. कुकरची वाफसुद्धा धरली नव्हती. ही म्हणाली, "आता तरी हसा." मी हसलो, आणि कुलवृत्तांत उघडायला गेलो.

कुलवृत्तांत उघडला नाही.

आमच्या कुलमंडळानं १९९७ साली कुळातल्याच एका होतकरू मुलाकडून वंशावळीचा एक प्रोग्रॅम लिहवून घेतला होता. तो सोळा बिटांचा. बत्तीस बिटांच्या विंडोजनं त्याला आजवर सांभाळून घेतलं होतं, वाड्यातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना सांभाळावं तसं. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सोळा बिटांना दारातच मज्जाव. प्रोग्रॅम लिहिणारा तो मुलगा पुढं वारला. साधं कॉपी करून दुसरीकडे न्यावं, तर मजकूर त्या काळच्या खासगी फॉन्टमधला. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ सालीच ठरलेलं होतं, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती तीही १९९१ चीच. त्याच साली गणेशखिंडीतल्या सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक तयार करून दाखवला. म्हणजे हे सगळं आमच्या घरापासून दोन बसच्या अंतरावर चाललेलं. पण कुलमंडळातल्या ज्येष्ठांना तो खासगी फॉन्टमधला 'श्री' अधिक डौलदार वाटला. त्या 'श्री'पायी आता दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आमचे मूळपुरुष 'Ö' आणि '§' अशा पोशाखात उभे राहत होते.

अकरा पिढ्या. साडेसातशेच्या वर माणसं. त्यातल्या कितीतरी बायकांची माहेरची नावं मी स्वतः गावोगाव फिरून, पत्रं लिहून, मरणाच्या दारात असलेल्या काकू-आज्यांच्या उशाशी बसून मिळवलेली. छापील वृत्तांतात त्यांच्या नावासमोर नुसतं 'पत्नी' होतं. सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्यांपैकी आता एकही नाही. ही नावं जगात फक्त त्या फायलीत होती आणि फाईल मला ओळख देत नव्हती.

मुलाला अमेरिकेत फोन केला. तो म्हणाला, "बाबा, इट्स टू थाउजंड नाइन्टीन. तो लॅपटॉप फेका आणि नवीन घ्या."

या वाक्यावर मला स्वतंत्र लेख लिहायचा आहे. नवीन घ्या! पायाला काटा लागला की नवीन पाय घ्या. नव्यात काय सोळा बिट चालणार होते? उलट नवीन जितकं जास्त नवीन तितकं दार जास्त बंद. २०२१ साली विंडोज ११ आली, तिला तर बत्तीस बिटांची आवृत्तीच नाही. म्हणजे तेव्हा मी मुलाचं ऐकलं असतं तर आज नव्या लॅपटॉपच्या झगझगीत पडद्यावर आमचं आख्खं कूळ '§' होऊन बसलं असतं. यंत्राची मेमरी वाढवायची म्हणून माणसांची पुसायची, या व्यवहाराला हिशेबाच्या कुठल्या खात्यात टाकायचं ते मला बँकेनं शिकवलेलं नाही.

मी पुतण्याला सांगितलं, जुनं होतं तसं करून दे. मला २.९४ पुरे. माझा आवाज जरा चढला असावा, कारण तो त्याच रात्री हिंजवडीहून आला. त्या रस्त्यानं रात्री येणं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. त्यानं माळ्यावरून जुन्या डेस्कटॉपबरोबर आलेली विंडोज एक्सपीची सीडी शोधून काढली. मग चौसष्ट बिटांच्या विंडोजच्या पोटात एक खोटं यंत्र तयार केलं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. खरं यंत्र त्याला आपल्या आठांतलं एक जीबी काढून देतं, आणि त्याला वाटतं आपणच सबंध संगणक आहोत. त्या खोट्या यंत्रात त्यानं बत्तीस बिटांची एक्सपी घातली, तिच्यात आमचा सोळा बिटांचा प्रोग्रॅम ठेवला आणि रात्री पावणेबाराला तो डौलदार 'श्री' पडद्यावर उमटला. आत्याबाईंना नव्या इमारतीत मागच्या बाजूची एक खोली मिळाली. ही झोपेतून उठून आली आणि तिनं आधी आपल्या सासूचं माहेरचं नाव शोधलं. होतं.

माझा स्कॅनर मात्र गेला तो गेलाच. २००६ चा होता, त्याला चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर कुणी लिहिलाच नाही. तो माळ्यावर सीडीच्या जागी ठेवला आहे. पुढच्या वर्षभरात मी आणि हिनं मिळून साडेसातशे माणसं एकेक करून युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केली. ती वाचायची, मी टाईप करायचो. लॉकडाऊनमध्ये आम्हाला दुसरं काय काम होतं? विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला बंद झाली, त्यामुळे त्या लॅपटॉपला मी इंटरनेटवर सोडत नाही. पण तो चालतो आहे, आणि सांगलीहून कुणाचा फोन आला की नातीचं नाव आधी त्याच्यातच चढतं.

राहता राहिले ते ०.१२ जीबी. ८.०० आणि ७.८८ यांतला फरक. तो चित्र रंगवायला आणि इतर किरकोळ कामांना जातो, असं प्राध्यापक म्हणतात. मी वहीत 'येणे' म्हणून लिहून ठेवला आहे.

मागच्या दिवाळीत कुलवृत्तांताच्या प्रती वाटायच्या म्हणून पेनड्राइव्ह घ्यायला त्याच दुकानात गेलो. पाकिटावर ६४ जीबी. मी हल्ली अभ्यास करून जातो. पाकीट बनवणारे हजाराच्या हिशेबानं मोजतात आणि विंडोज एक हजार चोवीसच्या, त्यामुळे चौसष्ट विकत घेतले की पडद्यावर साडेएकोणसाठ दिसतात. पाकीट हातात घेऊन मी खाकरलो आणि म्हणालो, "यातले..."

मालकानं माझ्याकडे न बघता नुसतं बोट वर केलं. गणपतीच्या तसबिरीखाली, 'उधारी बंद' आणि 'दुपारी १ ते ४ दुकान बंद' यांच्या मध्ये एक नवी पाटी होती.

'वापरण्याजोगे किती, हे विचारू नये.'